सदऱ्यावरील चे आणि लाल बावटा

आल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे टिपलेली चे गेव्हाराची मुद्रा आज सदऱ्यांवर विकली जाते. लोकप्रियतेमुळे क्रांतिचिन्ह पोकळ झाले, असे निदान केले जाते. ते अपुरे होय. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांचे १९४४ मधील ‘लाल बावटा कलापथक’ही लोकप्रियच होते, तथापि तेथे गाणारे व ऐकणारे एकाच लढ्याचे भागीदार होते. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा घोषणेमागे आदिवासींच्या गमावलेल्या जमिनीची मागणी होती. चिन्हाचा अर्थ अशा बांधिलकीनेच ठरतो. सदऱ्यावरील चे तो घालणाऱ्याकडे काहीच मागत नाही. म्हणून चिन्ह किती खपले हे नव्हे, ते कोणास कशाशी बांधते, हे समीक्षेने तपासावे.