सार्कची सनद : एक परीक्षण

अस्सल कागद पारखतांना आपण तीन गोष्टी पाहतों : तो कोणीं केला, कोणाच्या सह्यांनीं केला, आणि त्यांत काय लिहिण्याचें टाळलें. ८ डिसेंबर १९८५ रोजीं ढाका येथें सात शेजारी देशांनीं केलेल्या सार्कच्या, म्हणजे दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटनेच्या, सनदेस हीच कसोटी लावून पाहूं.

सनदेंत दहा कलमें आहेत. राष्ट्रांची समानता व परस्परांच्या कारभारांत हात न घालणें हीं तत्त्वें तींत आहेत. लोकशाही हा शब्द मात्र नाहीं. सह्या पाहिल्या कीं कारण उमगतें. बांगला देशाचे इर्शाद व पाकिस्तानचे झिया-उल-हक हे लष्करी सत्ताधीश, नेपाळांत राजकीय पक्षांस बंदी, भूतानांत राजसत्ता. इंग्रजी अंमल व त्याची छाया गेली, तरी रयतेचा अंमल सर्वत्र आला नव्हता.

हिंगोलीकरांस हा प्रकार अपरिचित नाहीं. येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या फौजेच्या खर्चासाठीं निजामानें १८५३ च्या तहान्वयें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. तह दोन सरकारांचा. वऱ्हाडच्या रयतेस कोणीं विचारलें नाहीं.

सनदेच्या दहाव्या कलमान्वयें सर्व निर्णय एकमतानेंच व्हावयाचे. यांत लहान शेजाऱ्यांस संरक्षण आहे, हें मान्य केलें पाहिजे. दोष इतकाच कीं, एकमत मोजावयाचें तें सरकारांचें, प्रजेचें नव्हे. २०१४ सालीं काठमांडू येथें मोटार-वाहतुकीचा करार पाकिस्तानची संमति न मिळाल्यानें अडला. तेव्हां १५ जून २०१५ रोजीं थिंफू येथें भारत, बांगला देश, नेपाळ व भूतान यांनीं निराळा करार केला. पुढें नोव्हेंबर २०१६ मध्यें भूतानच्या वरिष्ठ सभागृहानें तो फेटाळला, आणि २०१७ सालीं भूतान सरकारनें इतर तिघांस आपल्यावांचून पुढें जाण्यास सांगितलें.

यास सहकार्याचें अपयश म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. वऱ्हाडच्या रयतेस जें बोलतां आलें नाहीं, तें चिमुकल्या भूतानच्या प्रतिनिधींस बोलतां आलें, व शेजाऱ्यांनीं तें ऐकून घेतलें.

फेब्रुवारी २०११ मध्यें सार्कनें लोकशाहीची स्वतंत्र सनद स्वीकारली खरी. परंतु ती मोडल्यास फिर्याद कोठें करावी याची सोय नाहीं. त्यापेक्षां मूळ सनदेसच एक कलम जोडावें : कोणताही करार त्या त्या देशाच्या निवडलेल्या सभेपुढें मंजूर झाल्यावांचून पक्का समजूं नये. याचा आरंभ भारतानेंच करावा. कारण आपल्याकडेही परराष्ट्रांशीं करार मंत्रिमंडळाच्या अधिकारांत होतात, त्यांस संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे असें बंधन नाहीं.