नवानगरची कोरी : नांव कोणाचें, सत्ता कोणाची ?

नवानगरच्या जुन्या रुप्याच्या कोरीवर गुजराथचा सुलतान तिसरा मुजफ्फरशहा याचें नांव व हिजरी सन ९७८ फारशींत आढळतो. तेवढ्यावरून ती सुलतानाच्या पदरीं घालून इ. स. १५७०-७१ चें नाणें म्हणून नोंदणें सर्वथा त्याज्य होय. अकबरानें १५७२-७३ त गुजराथ जिंकली; सन मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत ठशावर गोठून राहिला. धनी कोण, तें तेथील नागरी 'श्री जाम' हीं अक्षरेंच सांगतात.

जाम सताजीनें मुजफ्फरास आश्रय देऊन १५९१ त भूचर मोरी येथें मोगलांशीं झुंज घेतली. सबब हें नांव निष्ठेचें द्योतक, असा एक पक्ष संभवतो. पक्ष रम्य खरा, पण टिकत नाहीं. कच्छच्या राव भारमलानें पुढें याच मुजफ्फरास मोगलांच्या स्वाधीन केलें. आणि त्याच भारमलाच्या कोरीवर मुजफ्फरचें नांव व ९७८ सन असून जोडीस नागरींत भारमलाचें नांव आहे! ज्यास धरून दिलें त्याच्यावर निष्ठा ती कसली ? सराफाच्या डोळ्यास सरावलेला ठसा बदलल्यास बट्टा बसतो, एवढेंच येथील इंगित असावें. पुण्याच्या अंकुशी रुपयावर बादशहाचें नांव पाहून पुण्यावर दिल्लीचा अंमल होता, असें आपण म्हणत नाहीं. मग जामासच निराळा न्याय कां?

याद्यांत नागरी ओळ प्रथम द्यावी, व ९७८ हा ठशाचा सन, नाणें पाडल्याचा नव्हे, असें लिहावें. नागरी अक्षरें झिजलीं असतील तेथें कोणाही जामाचें नांव घालूं नये.