परमेश्वर आणि यहोवा : मराठी ख्रिस्ती भक्तीतील एका हिब्रू नामाचा विचार

पैठण तालुक्यातील पाचोड हे गाव छत्रपती संभाजीनगर-बीड मार्गावर वसले आहे. त्याच्या पश्चिमेस एकनाथांचे पैठण आहे. ईशान्येस जालना, आणि जालन्यालगत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाच्या राज्यात, नवख्रिस्ती कुटुंबांसाठी वसविलेले बेथेल. एका बाजूस हरिपाठाची नामनिष्ठा, तर दुसऱ्या बाजूस हिब्रू भाषेतून थेट उचललेले, ‘देवाचे घर’ असा अर्थ असणारे ग्रामनाम. या दोन टोकांमधील प्रदेशात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती भक्ताने आपल्या देवास कोणत्या नावाने हाक मारावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. अनुवादाच्या अचूकतेचा प्रश्न म्हणून त्याची चर्चा होते. वास्तविक तो भक्तीच्या स्वरूपाचा प्रश्न आहे.

हिब्रू बायबलात देवाचे विशेषनाम योद, हे, वाव, हे या चार व्यंजनांनी लिहिले जाते. ते सुमारे ६,८०० वेळा येते. इतर कोणतेही नाव तेथे इतक्या वेळा येत नाही. आणि तरीही ते उच्चारले जात नाही. ख्रिस्तपूर्व शेवटच्या शतकांत यहुदी समाजाने या नामाचा उच्चार क्रमाक्रमाने टाळला व वाचताना त्याच्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझे स्वामी’, असे म्हणण्याचा प्रघात पडला. यरुशलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक ते नाम उच्चारीत असे, असे मिश्ना सांगते. इ. स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले आणि तो प्रसंगही उरला नाही. पुढे मध्ययुगीन लेखकांनी हिब्रू संहितेस स्वरचिन्हे दिली, तेव्हा या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर जोडले, हेतू एवढाच, की वाचकास येथे ‘अदोनाय’ म्हणावयाचे आहे याची आठवण राहावी. ख्रिस्ती पंडितांनी ती व्यंजने व ते स्वर एकत्र वाचले, आणि ‘यहोवा’ हे रूप सिद्ध झाले. आजचे अभ्यासक मूळ उच्चार ‘याहवे’ असा काहीसा असावा असे अनुमान करतात.

नाम माहीत असूनही न घेणे ही गोष्ट मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही. पतीचे नाव न घेण्याची जुनी रीत या प्रदेशात परवापरवापर्यंत पाळली जात असे. ‘अहो’, ‘इकडून’, ‘घरचे’ असे पर्यायी शब्द रोज चालत. प्रत्यक्ष नाव मात्र विवाहादी प्रसंगीच, उखाण्याच्या बंधात बसवून, घ्यावयाचे. तेथे अज्ञान नव्हते, दुरावाही नव्हता. नाव राखून ठेवलेले होते इतकेच. महायाजकाचा वार्षिक उच्चार आणि उखाणा यांची तुलना कोणास थिल्लर वाटेल, परंतु ‘अदोनाय’ हा शब्द कोणत्या जातीचा आहे हे तिच्यामुळे चटकन कळते. (यहुदी लोक एरवीच्या बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे नुसते ‘ते नाव’, असे म्हणतात, ‘इकडून’ याच्या ते अगदी जवळचे आहे.)

तथापि मराठी भक्तिपरंपरेचा मुख्य प्रवाह याच्या नेमका उलट आहे. वारकरी संप्रदायात नाम हे राखून ठेवण्याची वस्तू नसून अहोरात्र वाचेवर खेळविण्याची वस्तू आहे. पैठणच्या नाथांनी नामास जे स्थान दिले त्यात अधिकारभेद नाही, मुहूर्त नाही, महायाजकही नाही. अशा भाषेत हिब्रू बायबल आणणाऱ्या अनुवादकापुढे एक विलक्षण पेच उभा राहतो : मूळ ग्रंथात नाम आहे पण त्याचा उच्चार नाही, आणि ज्या भाषेत ग्रंथ यावयाचा तेथे उच्चारावाचून भक्ती नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) हा पेच निर्माणच होत नाही. जेझुइट परंपरेचा आधार लॅटिन बायबल होते. लॅटिनमध्ये या नामाच्या जागी ‘डोमिनुस’, म्हणजे स्वामी, हा शब्द पूर्वीच स्थिर झाला होता. एकोणिसाव्या शतकात मात्र मूळ हिब्रू संहितेशी संबंध आला. मुंबईस जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये, मुख्यतः बेने इस्राएल समाजाकरिता, मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले ही घटना या दृष्टीने लक्षणीय आहे. ज्या यहुदी समाजाची मातृभाषाच मराठी, त्याच्याजवळ राहून मराठी मिशनरी हिब्रू शिकवीत होते. न घेण्याच्या नामाची कल्पना त्यांना केवळ ग्रंथांतून आलेली नव्हती.

बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी अनुवादाने जो तोडगा काढला तो वरवर दिसतो त्याहून विचारपूर्वक आहे. ‘एलोहीम’ या सामान्य शब्दास ‘देव’, आणि चार अक्षरी नामास ‘परमेश्वर’, अशी विभागणी त्याने केली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘देव’ आहे. दुसऱ्यात दोन्ही शब्द जोडून येतात. याहून सूक्ष्म गोष्ट स्तोत्रसंहितेत आढळते. नामाचे ‘याह’ हे संक्षिप्त रूप जेथे येते तेथे ‘परमेश’ असा संक्षेप योजिला आहे. मूळचा संक्षेप संक्षेपानेच दाखविणारी ही योजना अनुवादकाच्या कानाची साक्ष देते. तिची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

असे असूनही या तोडग्यात एक उणीव राहते. मराठी कानास ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ हे परस्परांचे पर्याय आहेत. ‘विठ्ठल’ हे नाव आहे. ‘परमेश्वर’ हे नाव नाही, पद आहे. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात मोशे देवाचे नाव विचारतो. त्या प्रसंगातील सारा ताण असा, की पूर्वजांचा देव कोण हे ठाऊक असून त्याचे नाव हवे आहे. उत्तरादाखल ‘परमेश्वर’ हा शब्द आला, तर मराठी वाचकास नवीन काहीच कळत नाही. देवाने आपण देव असल्याचे सांगितले, एवढेच त्याच्या हाती लागते.

दुसरे स्थळ अधिक महत्त्वाचे आहे. योएल संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात या नामाचा धावा करणाऱ्याच्या तारणाचे अभिवचन आहे. पौलाने रोमकरांस लिहिताना तेच वचन येशूस लावले. मूळ हिब्रूतील नाम आणि ग्रीकमधील ‘किरियोस’ यांचे नाते वाचकास दिसले तरच पौलाचे धाडस कळते. मराठीत एका ठिकाणी ‘परमेश्वर’ व दुसऱ्या ठिकाणी ‘प्रभू’ आला म्हणजे दुवा तुटतो. वस्तुतः ‘धावा’ या शब्दाने मराठी भक्तीचा सगळा करुणरस येथे आयता हाती दिला आहे. पण धावा कोणाच्या नावाचा, हेच धूसर होते. न्याय म्हणून हेही नमूद केले पाहिजे, की एकशे दहाव्या स्तोत्राच्या आरंभी हीच विभागणी उपयोगी पडते. ग्रीकमध्ये तेथे ‘किरियोस’ दोनदा येतो व गोंधळ होतो. मराठीत परमेश्वर आणि प्रभू हे वेगळे राहतात.

मग ‘यहोवा’ का नको? यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या मराठी प्रकाशनांत ते सर्वत्र वापरले जाते, आणि विशेषनामाची जागा विशेषनामाने भरावी हा त्यामागील आग्रह तर्काला धरून आहे. परंतु ज्या खुणेचा अर्थ ‘येथे उच्चारू नका’ असा होता तिच्यातूनच उच्चार घडविणे हा भाषेच्या इतिहासातील एक चमत्कारिक अपघात आहे. ‘याहवे’ हे रूप अधिक शास्त्रीय खरे, पण ते उपासनेपेक्षा अभ्यासिकेत शोभते. रोमन कॅथलिक चर्चनेही २००८ मध्ये उपासनेत व गीतांत ते न वापरण्याचा निर्देश दिला.

या वादात एक गोष्ट सहसा सुटते. ते नाम मराठी ख्रिस्ती भक्ताच्या तोंडी आहेच. ‘हालेलूया’ या शब्दाचा शेवट म्हणजे तेच ‘याह’. प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो चार वेळा येतो आणि मराठी भजनांत तर मोजदाद नाही. यशया, यिर्मया, योहान या नावांत ते आहे. ‘येशू’ या नावातही आहे, कारण ते ‘येहोशुआ’चे, म्हणजे ‘याह तारतो’ अशा अर्थाच्या नावाचे, संक्षिप्त रूप होय. ‘ख्रिस्त’ हे पद आहे, ‘येशू’ हे नाव. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या वाटेने ख्रिस्तास माउली म्हणून आळविले, तेव्हा नामस्मरणास लागणारे नाव त्यांना येथेच मिळाले. हिब्रू चतुरक्षरीची त्यांच्या भक्तीस गरज भासली नाही. मात्र मराठी बायबलात मोशेचा उत्तराधिकारी ‘यहोशवा’ आणि नव्या करारातील ‘येशू’ अशी दोन भिन्न रूपे रूढ झाल्याने, मुळात हे एकच नाव आहे हे वाचकाच्या ध्यानी येत नाही.

जालन्याजवळच्या बेथेलचे नावही याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोबास स्वप्नात जो दर्शन देतो तो स्वतःचा परिचय चार अक्षरी नामाने करून देतो. जागा झाल्यावर याकोबही तेच नाम घेतो. पण त्या स्थळास नाव देताना तो ‘एल’ हा सामान्य शब्द निवडतो.