न सुटणारी मिठी

भावगीताच्या रसिकाला विरह नवा नाही. प्रिय माणूस दूर आहे, म्हणून मन व्याकूळ आहे. त्या व्याकुळतेत दुःख असले तरी लाज नसते. परंतु प्रिय माणूस जवळ आहे, ते आपल्याला दुखावते आहे, हे पुरते उमगले आहे आणि तरीही पाय निघत नाही, या अवस्थेत दुःखाबरोबर लाजही असते. म्हणूनच गाण्यात ती बहुधा काहीतरी पांघरून येते. १९६२ साली अमेरिकेत निघालेली दोन पॉप गाणी या दृष्टीने ताडून पाहण्यासारखी आहेत.

पहिले ‘ही हिट मी’. जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग या दांपत्याने ते रचले आणि फिल स्पेक्टरने ‘द क्रिस्टल्स’ या मुलींच्या वृंदाकडून ते गाऊन घेतले. दांपत्याच्या घरी मूल सांभाळणाऱ्या ईव्हा बॉइड या तरुण गायिकेने प्रियकराच्या मारहाणीविषयी जे सांगितले, त्यातून ते सुचले. गाण्यातील नायिका मारालाच प्रेमाची खूण मानते. लोकांनी आक्षेप घेतला, तबकडी मागे घेण्यात आली. आक्षेप रास्तच होता. पण चाल ऐकावी, तर ती शब्दांना साथ देत नाही. ती संथ आहे, जड पावलांची आहे. शब्द समाधान सांगतात आणि सूर भीती. ही विसंगती कवीला दिसली आहे, असे मात्र गाण्यात कोठेच जाणवत नाही. आणि माझ्या मते त्याचे अपयश तेथेच आहे.

दुसरे गाणे ‘यू हॅव रिअली गॉट अ होल्ड ऑन मी’. डेट्रॉइटच्या ‘द मिरॅकल्स’साठी स्मोकी रॉबिन्सनने ते लिहिले; पुढच्याच वर्षी ‘बीटल्स’नीही ते गाइले. येथे मारहाण नाही, पण वाईट वागणूक आहे, आणि नायक तिला वाईटच म्हणतो. आपल्याला ही व्यक्ती आवडतही नाही, अशी कबुली देऊनच तो प्रेमाची कबुली देतो. तक्रार सगळी शब्दांत आहे. पकड सुरांत आहे. रॉबिन्सनच्या कोवळ्या, उंच आवाजाला बॉबी रॉजर्सचा आवाज बिलगून चालतो. लय झोपाळ्यासारखी पुढे जाते आणि मागे येते. कडव्यात निघून जाण्याची भाषा होते आणि ध्रुपदात नायक पुन्हा जागच्या जागी. एका ठिकाणी वाद्ये थबकतात. निसटायचे तर हाच क्षण. पण त्या शांततेत विनवणी निघते ती अधिक घट्ट धरण्याची!

असल्या मिठीत सापडलेल्या श्रोत्याला पहिले गाणे सबब पुरवते. दुसरे त्याची अवस्था त्याला दाखवते. अर्थात दाखवल्याने सुटका होते असे नाही. चाल इतकी गोड आहे की मीही ती पुनःपुन्हा ऐकतो, आणि ऐकतो ते त्या पकडीसाठीच. पण आपण धरले गेलो आहोत हे त्या वेळी मला कळत असते. कलेने एवढे कळू दिले, तरी ती प्रामाणिक राहिली असे मी म्हणेन.