बाटलीतला पत्ता

वाइनविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात ‘मातीची चव’ हा शब्दप्रयोग हमखास भेटतो. माझा आक्षेप त्यालाच आहे. माती जिभेला कळते असे गृहीत धरले की पुरावा मागण्याची गरज उरत नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१०-११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून हा प्रश्न रसिकतेपुरता राहिलेला नाही. त्या नावावर द्राक्ष बागायतदाराचा भाव ठरू शकतो.

मग पुरावा कशात असतो? द्राक्षवेल जमिनीतून स्ट्रॉन्शियम शोषते. रुबिडियमच्या क्षयातून स्ट्रॉन्शियम-८७ तयार होते. म्हणून खडक जितका जुना आणि रुबिडियमयुक्त, तितके त्याचे स्ट्रॉन्शियम-८६शी गुणोत्तर चढे. वेल हे गुणोत्तर जवळपास जसेच्या तसे द्राक्षात उतरवते. नाशिकचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांच्या परिसरातले खडक अडीचशे कोटी वर्षांच्याही आधीचे. त्यामुळे या दोन प्रदेशांतल्या वाइन प्रयोगशाळेत वेगळ्या ओळखता याव्यात.

खरी अडचण घरातच आहे. नाशिक, नारायणगाव, बारामती ही सारी दख्खनच्या लाव्हारसावरच वसली आहेत. जिल्ह्याची हद्द महसूल खात्याने आखली, खडकाला ती ठाऊक नाही. केवळ स्ट्रॉन्शियमच्या भरवशावर बारामतीचे द्राक्ष नाशिकच्या बाटलीत सापडेलच, असे म्हणता येणार नाही. त्यात खतांतून येणारे स्ट्रॉन्शियम आणि वाइन निवळण्यासाठी वापरली जाणारी बेंटोनाइट माती मूळ खुणा पुसट करू शकतात.

दुसरी खूण पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांची. ती पाऊस, उष्णता आणि समुद्रापासूनचे अंतर यांनुसार बदलते, म्हणजेच दरवर्षी बदलते. शिवाय आपल्याकडे ऑक्टोबरची छाटणी होऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होते. त्या काळात वेल पावसाचे नव्हे, धरणाचे किंवा विहिरीचे पाणी पिते. म्हणून एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षी चालत नाही. युरोपने हे ओळखून १९९१पासून दर हंगामाच्या अस्सल नमुन्यांची नोंदपेढी उभारली. यंत्र विकत मिळते. तुलनेचे नमुने वर्षानुवर्षे जमवावे लागतात.

मी राहतो त्या मीरा-भाईंदरमध्ये, उत्तनच्या ईस्ट इंडियन घरांत, नाताळसाठी वाइन घरी केली जाते. तिथे कुणी मूळ विचारत नाही, कारण करणारी बाई सगळ्यांच्या ओळखीची असते. बाजारातल्या बाटलीला अशी साक्ष नसते. तिथे लेबलावर विश्वास ठेवायचा, तर त्यामागे तपासता येईल असे काही हवे.

म्हणून मानांकनाच्या कौतुकापेक्षा मला एक रूक्ष काम महत्त्वाचे वाटते: दर हंगामात नाशिक, पुणे, सोलापूर, सांगलीतल्या ठरावीक बागांची द्राक्षे, माती व पाणी तपासून आकडे जपणे. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यासाठी योग्य जागा ठरेल. असा संग्रह हाताशी असेल, तरच रसायनशास्त्र नाशिकच्या बाजूने साक्ष देऊ शकेल. नसेल, तर मानांकनाची सारी भिस्त कागदावर राहील, आणि कागद काय, कुणीही छापू शकतो.