दोन हजेऱ्या

जून महिना उजाडला की आमच्या कार्यालयाच्या पडवीत पालकांची रीघ लागते. कोणास बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा हवा असतो, कोणास शाळाप्रवेशाचा अर्ज भरून हवा असतो. अर्जावर ‘पालकांचे शिक्षण’ असा एक रकाना असतो आणि नेमकी तेथेच लेखणी अडखळते. कोणी ‘दहावी’ असे लिहितो आणि पुढचा ‘नापास’ हा शब्द गिळून टाकतो. कोणी आईच्या नावापुढील जागा कोरीच ठेवतो. हे अडखळणे वर्षानुवर्षे पाहत आल्यामुळे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन आम्ही पुन्हा एकदा वाचावयास घेतले. लातूर तालुक्यातील धनेगावी वाढलेल्या माणसाचे हे पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास लाभला. आमच्याच मातीतील हे पुस्तक आमच्या किती घरांत वाचले गेले असेल, याविषयी मात्र आम्ही साशंक आहोत.

या पुस्तकाविषयी आजवर जे बोलले गेले ते बहुधा चोरी, भूक आणि पोलिसांचा छळ यांविषयी. ते योग्यच आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरविण्याची रीत पाडली. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. कपाळावरचा शिक्का मात्र पुसला गेला नाही. तथापि आम्हांस असे वाटते की, ‘उचल्या’ हे तितकेच शाळेविषयीचेही पुस्तक आहे, आणि त्या अंगाने ते पुरेसे वाचले गेलेले नाही.

पुस्तकातील एक प्रसंग वाचकांच्या सहसा विसरण्यातला नाही. वडील मुलाला शाळेत घालतात. वस्तीतून यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढलेले नसते. पुढे वस्तीतील पोरांना हगवण-ओकारी लागते आणि लोक ठरवून टाकतात की, हा पोरगा शाळेत जातो म्हणूनच हे अरिष्ट आले. शिकलेला वाचक येथे हसतो किंवा हळहळतो, आणि ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारून पान उलटतो. आम्हीही पहिल्या वाचनात तेच केले होते. दुसऱ्या वाचनात आम्हांस एक शब्द टोचू लागला. तो शब्द ‘हजेरी’.

लेखकाच्या आजोबांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागत असे. नातवाला शाळेत हजेरी द्यावयाची असते. दोन्हीकडे वही असते, वहीत नाव असते, आणि नाव पुकारणारा सरकारी माणूस असतो. ज्या वस्तीला सरकारी वहीतील आपल्या नावाचा अर्थ पिढ्यानपिढ्या मार असाच ठाऊक होता, तिने शाळेच्या पटाला का भिऊ नये? ही भीती कारणमीमांसेत चुकली, हे खरे; पण ती अनुभवातून आलेली होती. लेखकाचे मोठेपण असे की, तो आपल्या माणसांची थट्टा करीत नाही आणि त्यांची कड घेऊन असत्यही बोलत नाही. तो घडले ते सांगतो आणि निवाडा आपल्यावर सोपवितो.

याच वस्तीत दुसरी एक शाळा चालू असते. खिसा कसा कापावा, पकडले गेल्यावर कितीही मार पडला तरी साथीदाराचे नाव कसे घेऊ नये, याचे धडे थोरले धाकट्यांना देतात, आणि मार सोसण्याची सवय व्हावी म्हणून मारतातही. हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: ज्यांना आपण अशिक्षित म्हणतो ती माणसे शिकविण्यावाचून कधी राहिलेली नसतात. त्यांना मिळालेली विद्या कोणती आणि तीच का मिळाली, हा खरा प्रश्न आहे.

पुस्तकाचे उणेही सांगितले पाहिजे. सूतगिरणीतील नोकरी, कामगारांची संघटना आणि पुढील सामाजिक कार्य यांनी व्यापलेला उत्तरार्ध पूर्वार्धाइतका पकड घेत नाही. प्रसंगांची जागा हकिगती घेऊ लागतात. त्याहून आम्हांस अधिक खटकते ते असे की, शिकलेल्या मुलाचे आणि न शिकलेल्या भावंडांचे नाते पुढे कसे बदलत गेले, याचा शोध लेखक पुरेसा घेत नाही. ज्या अक्षरांत हे पुस्तक लिहिले गेले ती अक्षरे वस्तीतील त्या वेळच्या फार थोड्यांना वाचता आली असती. शाळा माणसाला वर काढते तशी एकटेही पाडते. ही व्यथा पुस्तकात आहे, पण ती ओळींच्या मागे राहते.

येथे नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ यांसारखे ग्रंथ लिहिणारा हा विचारवंत इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाला होता. आधी शाळेत शिक्षक आणि पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झालेल्या या माणसाची ही गोष्ट आमच्याकडे नापास मुलाचे सांत्वन करण्यासाठी हटकून सांगितली जाते. आम्हीही ती अनेकदा सांगितली आहे. ‘उचल्या’ वाचल्यावर मात्र ती सांगताना आमची जीभ थोडी अडते. कुरुंदकरांचे मामा डॉ. नांदापूरकर हैदराबादेस मराठीचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या सहवासात भाच्याला ग्रंथांचे जग खुले होते. परीक्षेने दार लावले तरी त्यांच्यासाठी घरात दुसरे दार उघडे होते. धनेगावच्या त्या पोराला एकच दार होते. ‘पदवीत काय आहे?’ हे वाक्य ज्याच्या घरात पुस्तके आहेत त्याच्या तोंडी शोभते. ज्याच्या आईला अंगठा उठवावा लागतो त्याला ते ऐकविणे आम्हांस निष्ठुरपणाचे वाटते.

मराठवाड्याची ही भूक जुनी आहे. निजामी राजवटीत उच्च शिक्षण उर्दूत, आणि मराठी शाळा विरळा. १९४८ नंतर या प्रदेशाने गमावलेला काळ भरून काढण्याचा ध्यास घेतला. पीपल्स कॉलेज १९५० चे, औरंगाबादचे विद्यापीठ १९५८ चे, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे. त्याच ध्यासातून ‘लातूर पॅटर्न’ जन्मला आणि गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली. ती यादी आता बंद झाली आहे, पण तिची जागा प्रवेशपरीक्षांनी घेतली आहे. आजही खेड्यापाड्यांतील मुले लातुरात खोली घेऊन राहतात आणि आईबाप शेत गहाण टाकून शिकवणीचे शुल्क भरतात. या परिश्रमांना आम्ही नावे ठेवणार नाही. पण ज्या जिल्ह्याने हा पॅटर्न दिला त्याच जिल्ह्याने ‘उचल्या’ही दिले, हे त्या खोल्यांतील किती मुलांना ठाऊक असेल?

म्हणून आमच्या कुटुंबांना आम्ही हे पुस्तक आवर्जून सुचवितो. त्यातील काही वर्णने आणि भाषा रांगडी आहे. ते मोठ्या मुलांच्या हाती द्यावे, लहानांना थोरांनी सांगावे. घरातील ज्या आजीला वाचता येत नाही तिला ते मोठ्याने वाचून दाखविता आले तर उत्तमच. ती ऐकेल, मध्येच थांबवील, आणि आपल्या वेळची एखादी गोष्ट सांगेल. ती गोष्ट नातवाने लिहून ठेवावी.

आणि पुढल्या जूनमध्ये अर्जावरील तो रकाना येईल तेव्हा जे असेल ते लिहावे. ‘शाळेत गेली नाही’ हे तीन शब्द लिहिताना लाज कोणास वाटावी, आईला की आजवरच्या समाजाला, याचे उत्तर ‘उचल्या’च्या पूर्वार्धात पानोपानी लिहिलेले आहे.