मेदजन्य संप्रेरके आणि हृदयाची रचना : परिभाषेचा एक प्रश्न

'मेदऊतीतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे हृदयाची रचना बदलू शकते' अशा धाटणीचे विधान वैद्यकविषयक मराठी लेखनात आता रूढ होऊ लागले आहे. ते असत्य नव्हे. परंतु त्यातील 'शकते' कोणत्या अर्थाने घ्यावयाचे, याचा खुलासा सहसा आढळत नाही. इंग्रजीतील 'मे' या साहाय्यक क्रियापदात घटनेची शक्यता आणि वक्त्याचे अनुमान ही दोन्ही एकत्र नांदतात. मराठीत त्यांची रूपे निराळी आहेत. 'बदलू शकते' असे म्हटले की प्राधान्याने त्या द्रव्याच्या अंगचे सामर्थ्य सूचित होते. 'बदलत असावी' हे मात्र पुराव्यावरून केलेले अनुमान होय. भाषांतरकार बहुधा पहिलेच रूप उचलतो, आणि मुळात अनुमान असलेली गोष्ट मराठीत येता येता द्रव्याचा गुणधर्म बनते.

या गैरसमजाला संज्ञाही हातभार लावतात. स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये वापरात आणलेला 'हॉर्मोन' हा शब्द 'गती देणे, चेतवणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला. 'संप्रेरक' हा मराठी पर्यायही 'प्रेरणे' या क्रियेवरच उभा आहे. म्हणजे कर्तृत्व नावातच गृहीत धरले गेले. लेप्टिनची कथा तर मनोरंजक आहे. १९९४ मध्ये फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरातील ज्या जनुकाचा शोध प्रसिद्ध केला त्याचे नाव 'लठ्ठ' या अर्थाचे, आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचे नाव 'कृश' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. बहुसंख्य लठ्ठ माणसांच्या रक्तात मात्र ते कमी नसून अधिकच असते. २००१ मध्ये नामकरण झालेले रेझिस्टिन इन्सुलिन-रोधाच्या कल्पनेवरून ओळखले जाते. उंदरात ते मेदपेशींतून स्रवते, माणसात मुख्यतः महाभक्षक पेशींतून. तेव्हा मानवाच्या संदर्भात त्याला 'मेदजन्य' म्हणणेच कितपत योग्य?

प्रत्यक्ष पुरावा पाहिला तर क्रियापदाची निवड किती नाजूक आहे हे ध्यानात येते. २००३ या एकाच वर्षी दोन परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात उंदरांच्या हृदयस्नायूंच्या पेशींवर लेप्टिनचा प्रयोग केला असता पेशी आकाराने वाढल्या. उलट, जन्मतः लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांत डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत जाड झालेली होती, व लेप्टिन दिल्यावर ती जाडी ओसरली. केवळ आहार कमी करून तितकेच वजन उतरवलेल्या उंदरांत तसे घडले नाही, हा या प्रयोगाचा खरा कस. एकच द्रव्य पेशीत वाढ घडवते आणि प्राण्यात वाढ उतरवते. दोन्हींना 'रचना बदलू शकते' हे एकच वाक्य लागू पडते, आणि म्हणूनच ते जवळजवळ काहीच सांगत नाही.

मानवी पाहणीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. अमेरिकेतील सहा ठिकाणच्या, ४५ ते ८४ वर्षे वयाच्या ६,८१४ स्त्रीपुरुषांची २००० ते २००२ या काळात एका दीर्घ अभ्यासासाठी नोंद झाली. नोंदणीच्या वेळी त्यांना ज्ञात हृद्रोग नव्हता. त्यांच्यापैकी काहींच्या माहितीवर आधारलेल्या २०१३ च्या विश्लेषणात, वजनादी इतर घटक हिशेबात घेतल्यावर, अधिक लेप्टिनसोबत डाव्या जवनिकेचे वस्तुमान कमी आढळले. 'सोबत आढळले' हेच येथील यथार्थ क्रियापद. 'लेप्टिनमुळे कमी झाले' असे लिहिणे हा पुराव्यावर अन्याय होईल.

अ‍ॅडिपोनेक्टिनच्या बाबतीत 'रक्षक' हे विशेषण असेच सैलपणे वापरले जाते. ते नसलेल्या उंदरांच्या हृदयावर दाबाचा भार टाकला असता स्नायूंची वाढ अधिक होते, हे २००४ मध्ये दिसले, आणि विशेषणाला आधार मिळाला. पुढच्याच वर्षी जुनाट हृदयविफलतेच्या रुग्णांत ज्यांच्या रक्तात ते अधिक त्यांचा मृत्युदरही अधिक असल्याचे नोंदले गेले. हा वाढीव स्राव आजाराचे कारण, परिणाम की शरीराचा अपुरा पडलेला प्रतिकार, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. विशेषण मात्र ते आधीच ठरवून मोकळे होते.